पाहण्याचे शिक्षण

पावसाळा मध्यावर आला की महाराष्ट्रातील बहुतेक माध्यमिक शाळांत, एरवी वर्षभर दुर्लक्षिलेल्या एका विषयाला अकस्मात महत्त्व प्राप्त होते. शासकीय रेखाकला परीक्षांचे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीतील 'एलिमेंटरी' आणि 'इंटरमिजिएट' या ग्रेड परीक्षांचे, अर्ज भरले जातात. पोस्टर रंगांच्या बाटल्या, गोल आणि चपटे ब्रश, ड्रॉइंग बोर्ड, कंपासपेटी यांची खरेदी होते. शाळेच्या तासांत जे शिकवले गेले नाही ते सारे महिना-दीड महिन्यात उरकून देणारे खाजगी वर्ग गावोगाव भरू लागतात. आणि ज्या आईबापांनी मुलाच्या गणिताच्या वहीमागे काढलेले चित्र पाहून त्याला दटावलेले असते, तेच त्याला हाताला धरून या वर्गांत नेऊन बसवतात. या उत्साहाचे मूळ चित्रकलेच्या आवडीत नाही, हे दुःखाने म्हणावे लागते. इंटरमिजिएट परीक्षेत 'अ' श्रेणी मिळवणाऱ्या विद्यार्थ्यास दहावीच्या शालान्त परीक्षेत ७, 'ब' श्रेणीस ५ आणि 'क' श्रेणीस ३ वाढीव गुण देण्याची तरतूद आहे, आणि अकरावीच्या प्रवेशासाठी अर्ध्या-अर्ध्या टक्क्याची झुंज चाललेली असताना या गुणांचे मोल किती वाटत असेल, हे निराळे सांगावयास नको. लाखांच्या संख्येने मुले या परीक्षांना बसतात. जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर शाळकरी मुलांची चित्रकलेची परीक्षा घेणारी राज्ये फार नसतील, आणि तरीही ज्या वर्गासाठी ही परीक्षा निर्माण झाली तो वर्ग, तो आठवड्यातला चित्रकलेचा तास, तो शिकवणारा कायम नेमणुकीचा शिक्षक, हे सर्व आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे होत चालले आहे.

परीक्षा राहिली आणि शिक्षण गेले, ही स्थिती कोणत्याही विषयाच्या बाबतीत चिंताजनक मानली गेली असती. गणिताचा शिक्षक नाही, गणिताचा तास नाही, आणि तरी लाखो मुले गणिताच्या परीक्षेस बसत आहेत, असे दृश्य दिसते तर विधिमंडळात त्यावर प्रश्न विचारले गेले असते. चित्रकलेच्या बाबतीत ते खपून जाते, याचे कारण हा विषय थोड्या निसर्गदत्त गुण लाभलेल्या मुलांच्या हौसेचा आहे, अशी आपली सर्वांची पक्की समजूत होऊन बसली आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि ती बदलल्यावाचून हायस्कुलातील चित्रकलेच्या वर्गाला पुन्हा प्रतिष्ठा मिळणार नाही, एवढेच मला येथे सविस्तर मांडावयाचे आहे.

हा विषय आपल्या शाळांत इंग्रजी अमदानीत आला आणि कारागिरीच्या वाटेने आला. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली एक लाख रुपयांची देणगी देऊ केली, आणि तिच्या आधारावर १८५७ साली मुंबईत जी कलाशाळा उघडली गेली, तिच्यापुढे एतद्देशीय कारागिरांचा हात आणि अभिरुची सुधारावी हा हेतू प्रमुख होता. लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टन येथे जी अध्यापनपद्धती बांधली गेली होती, ती येथे थोड्याफार फेरफारांनी लागू झाली: प्रथम सरळ रेषा, मग वक्र रेषा, मग छापील नमुन्यावरून नक्कल, मग प्लॅस्टरच्या आकृतीवरून रेखन, आणि हे सर्व हाताखालून गेल्यावर प्रत्यक्ष वस्तू आणि प्रत्यक्ष माणूस. या शाळेत जॉन लॉकवुड किपलिंग यांनी वास्तूंवरील शिल्पकाम शिकवले. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकरवी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. १८९१ साली तिच्याच आवारात रे आर्ट वर्कशॉप सुरू होऊन धातुकाम, लाकूडकाम, गालिचे यांसारख्या हस्तकलांचे शिक्षण मिळू लागले. आणि या शाळेतून शिकून बाहेर पडलेली मंडळी इलाख्यातील हायस्कुलांत ड्रॉइंगमास्तर म्हणून गेली. परकी सत्तेने आपल्या सोयीसाठी आणलेली ती पद्धती रुक्ष होती, तिच्यात मुलाच्या स्वतःच्या कल्पनेला जागा अल्प होती, हे मान्य करूनही एक गोष्ट कबूल केली पाहिजे, की तिने जिल्ह्याच्या गावी, संस्थानच्या राजधानीत, क्वचित तालुक्याच्या ठिकाणीही, रेषेचा आदर असलेला एक माणूस नेऊन बसवला.

त्या माणसाने काय केले याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली मुंबईच्या कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे त्यांनी त्या कलामंदिरातील आपल्या एकेचाळीस वर्षांचा वृत्तान्त मराठीत लिहून ठेवला; सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९०८ साली मुंबईत स्वतःची कलासंस्था काढून जलरंगाची एक परंपराच निर्माण केली; ही नावे सर्वांना परिचित आहेत. परंतु ज्यांची नावे कोठेच नोंदली गेली नाहीत अशा शेकडो ड्रॉइंगमास्तरांनी, शाळेच्या फलकावर रोज सुवाच्य अक्षरांत सुविचार लिहिण्यापासून स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवण्यापर्यंत सर्व कामे इमानेइतबारे करीत असतानाच, गावातील शिंपी, सुतार, फलक रंगवणारे, गणपतीच्या मूर्ती घडवणारे, सर्वेक्षण खात्यात नकाशे काढणारे आणि पुढे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, अशा नाना व्यवसायांत गेलेल्या मुलांच्या डोळ्यांना एक शिस्त लावली. ती शिस्त कसली, हे सांगण्यासाठी ग्रेड परीक्षेतील ज्या विषयाला 'वस्तुचित्र' म्हणतात, त्याच्याकडे थोडे थांबून पाहावे लागेल.

टेबलावर एक पितळी तांब्या ठेवला आहे, त्याच्या शेजारी एक लिंबू, आणि मागे घड्या पडलेले निळसर कापड. बारा-तेरा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा हा तांब्या काढावयास बसतो तेव्हा त्याच्या कागदावर जो उतरतो तो समोरचा तांब्या नसतो. तांब्याचे तोंड गोल असते हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो गोल काढतो. तांब्या टेबलावर नीट टेकलेला आहे हे त्याला ठाऊक असते, म्हणून त्याचे बूड तो पट्टीने आखल्यासारखे सरळ काढतो. आणि अशा रीतीने एकाच भांड्याचे तोंड आकाशातून पाहिलेले आणि बूड जमिनीच्या पातळीवरून पाहिलेले, असे एक अशक्य भांडे तयार होते. शिक्षक चांगला असेल तर तो खोडरबर उचलत नाही. तो मुलाला बाकावरून उठून उभे राहावयास सांगतो, मग जमिनीवर बसावयास सांगतो, आणि विचारतो की तोंडाचा आकार बदलला का. उभे राहिल्यावर लंबवर्तुळ रुंदावते, खाली बसत जावे तसे ते चपटे होत जाते, आणि डोळा नेमका काठाच्या पातळीला आला की त्याची केवळ एक रेघ उरते. बुडाचा वक्र तोंडाच्या वक्रापेक्षा अधिक भरलेला दिसतो, कारण तो डोळ्यापासून अधिक खाली आहे. ही गोष्ट मुलाने त्या क्षणापर्यंत हजारदा पाहिलेली असते आणि एकदाही तिची दखल घेतलेली नसते. मग हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवीत मोजणे येते: गळ्याची रुंदी पोटाच्या रुंदीत किती वेळा बसते, लिंबाची उंची तांब्याच्या उंचीच्या कितवा भाग आहे. मग त्याला तांब्या आणि लिंबू या दोहोंच्या मधली रिकामी जागा पाहावयास सांगितले जाते, आणि त्या रिकाम्या जागेलाही स्वतःचा आकार आहे, किंबहुना तो आकार बरोबर उतरला की दोन्ही वस्तू आपोआप आपापल्या जागी येतात, हे कळते.

रंगाच्या बाबतीत हाच अनुभव अधिक विलक्षण असतो. पितळ पिवळे, हे मुलाने शाळेत येण्यापूर्वीच ठरवून टाकलेले असते. पण खिडकीच्या बाजूला ते जवळजवळ पांढरे आहे, पोटाच्या वळणावर तपकिरी होत काळे पडले आहे, कापडाच्या बाजूला त्याच्यावर निळा रंग चढला आहे, आणि सर्वांत गडद छायेच्या पलीकडे, अगदी कडेशी, टेबलावरून उलटून आलेल्या मंद उजेडाची एक अरुंद पट्टी आहे, जी नसती तर तांब्या गोल दिसलाच नसता. ही पट्टी ज्या दिवशी विद्यार्थ्याला प्रथम दिसते, त्या दिवशी त्याच्या शिक्षणात एक मोठी घटना घडलेली असते, मग ती त्याच्या ब्रशातून कागदावर उतरो वा न उतरो. आपल्या मनाने आधीच करून ठेवलेला निवाडा बाजूला सारून डोळ्यांची साक्ष ऐकणे, त्या साक्षीवर विश्वास ठेवणे, आणि ती हाताने नोंदवून पुन्हा मूळ वस्तूशी ताडून पाहणे, ही बुद्धीची क्रिया आहे. विज्ञानाचा पाया याहून निराळा नाही. जीवशास्त्राच्या वहीत जास्वंदीचा उभा छेद पुस्तकातील आकृतीवरून उतरवणारा विद्यार्थी आणि समोरचे फूल कापून, त्यातील केसर मोजून आकृती काढणारा विद्यार्थी यांत जो फरक आहे, तो चित्रकलेच्या वर्गात पडलेला असतो.

हे शिक्षण नेमके हायस्कुलातच का द्यावयाचे, असा प्रश्न कोणी विचारील. लहान मुले कोणाच्या शिकवण्यावाचून चित्रे काढतात. त्यांच्या घरापेक्षा फूल मोठे असते, सूर्याला डोळे असतात, आणि त्याविषयी त्यांना कसलाही संकोच नसतो. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बालकाच्या चित्रविकासाच्या अवस्था सविस्तर वर्णिल्या आहेत, आणि त्यांतील बारा-तेराव्या वर्षाच्या सुमाराची अवस्था प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. या वयात मुलाची समीक्षक दृष्टी जागी होते. आपण काढलेले आणि आपल्याला दिसते ते यांतील अंतर त्याला जाचू लागते. आणि ते अंतर कमी करण्याचा मार्ग कोणी दाखवला नाही तर "मला चित्र येत नाही" असे म्हणून तो पेन्सिल खाली ठेवतो, ती बहुधा जन्मभरासाठी. तुमच्या-आमच्यासारखे बहुसंख्य प्रौढ लोक आजही जे चित्र काढू शकतात ते याच वयाच्या मुलाचे चित्र असते, कारण आमची वाढ तेथेच थांबली. म्हणजे ज्या इयत्तांत शिक्षकाची निकड सर्वांत अधिक, त्याच इयत्तांत, आठवी-नववी-दहावीत, आपण चित्रकलेचा तास काढून घेतो आणि तो गणिताच्या किंवा इंग्रजीच्या जादा तासासाठी देऊन टाकतो. वेळापत्रकावर चित्रकला लिहिलेली राहते. वर्गात मात्र बीजगणिताची उदाहरणे सुरू असतात.

आणि मग परीक्षेसाठी जे केले जाते, ते पाहून मन विषण्ण होते. स्मरणचित्र हा या परीक्षेतील दुसरा विषय, आणि त्याच्यामागील कल्पना फार सुंदर आहे: मुलाने जे आयुष्यात पाहिले आहे, बाजार, पाणवठा, पावसात चाललेली माणसे, सणाचा दिवस, ते त्याने आठवून, स्वतःच्या रचनेत मांडावे. ज्याला पाहण्याची सवय लागली आहे त्याचीच स्मृती येथे उपयोगी पडते, म्हणून वस्तुचित्राची आणि स्मरणचित्राची सांगड घातलेली आहे. आजच्या खाजगी वर्गांत या विषयाची तयारी म्हणजे दोन-तीन तयार चित्रे पाठ करवून घेणे. एक आकृती पुढे, दोन मध्यभागी, मागे नारळाचे झाड, डावीकडे घराचा कोपरा. विषय भाजीमंडईचा आला तर आकृतीच्या हातात पिशवी द्यावयाची, क्रीडांगणाचा आला तर बॅट. विदर्भातल्या ज्या मुलीच्या गावात नारळाचे झाड नाही तीही नारळ काढते. तिच्या घरासमोरचा कडुनिंब, त्याखालचा पार, कापसाने भरलेल्या गाडीवर बसलेली माणसे, हे सर्व तिच्या डोळ्यांपुढून रोज जात असते आणि तिच्या कागदावर कधीच येत नाही, कारण ते चित्राचा विषय होऊ शकते असे तिला कोणी सांगितलेलेच नसते. संकल्पचित्रातही तीच कथा. वारली आकृत्यांची किनार हा अलीकडे सर्वांचा आवडता नमुना झाला आहे. दोन त्रिकोण जोडले की माणूस तयार होतो, म्हणून. परंतु वारल्यांच्या घरात लग्नप्रसंगी स्त्रिया तांदळाच्या पिठाने जो चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते, त्याचे विधी आणि त्याची गाणी असतात, आणि जिव्या सोमा मशे यांनी त्या विधिचित्राला कागदावर आणि कापडावर आणताना केवढे धाडस केले, यातले काहीही त्या किनारीबरोबर वर्गात येत नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी, सावंतवाडीची गंजिफा, वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यातील भित्तिचित्रे, ही महाराष्ट्राच्या मुलांची स्वतःची दौलत आहे. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात एक सहल काढून ती दाखवता येते.

याच्या उलट काय करता येते याचा दाखला आपल्याच मुलखात आहे. शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या हाताखाली शिकलेले देवी प्रसाद १९४४ साली वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले आणि गांधीजींच्या नयी तालीमच्या शाळेत त्यांनी पुढे अनेक वर्षे खेड्यांतील मुलांना कला शिकवली. जेथे सूतकताई, शेती आणि सफाई हे शिक्षणाचे विषय होते, तेथे कलेला दुय्यम स्थान मिळाले असते तर कोणी आश्चर्य मानले नसते. पण देवी प्रसादांनी कला हा शिक्षणाचा पायाच आहे अशी भूमिका घेतली, आणि त्या अनुभवातून जे पुस्तक लिहिले त्याचे नावही तेच ठेवले. महागडे रंग आणि कागद यांवाचून त्या शाळेचे काही अडले नाही. जी संस्था काटकसरीला व्रत मानीत होती तिला चित्रकला परवडली, आणि आजच्या अनुदानित शाळेला ती परवडत नाही, ही तुलना मी पुनःपुन्हा मनाशी करतो.

सरकारदरबारी या विषयाची काय अवस्था आहे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पटसंख्या शंभराहून अधिक असेल तर, कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. अंशकालीन, आणि तीही आठवीपर्यंतच. नववी-दहावी त्या कायद्याच्या कक्षेत येतच नाही. ज्या शाळेचा पट शंभराहून कमी, म्हणजे बहुधा डोंगरातली, कोकणातल्या वाडीवरची, आदिवासी पाड्याजवळची शाळा, तिला ही अंशकालीन तरतूदही नाही. दरवर्षीच्या संचमान्यतेत विद्यार्थिसंख्येवरून शिक्षकांची पदे ठरतात, आणि त्या हिशेबात कलाशिक्षकाचे पद सर्वांत आधी अडचणीत येते. जुने शिक्षक सेवानिवृत्त झाले की अनेक शाळांत ती जागा भरलीच जात नाही. नववी-दहावीच्या अभ्यासक्रमात 'स्व-विकास व कलारसास्वाद' असा एक श्रेणीविषय आणला गेला, आणि कलेचा आस्वाद घ्यावयास शिकवण्याचा त्यातील विचार मला मोलाचा वाटतो. परंतु तो शिकवावयास कलाशिक्षक नसेल तर हाताने काही न करता, डोळ्यांनी काही न पाहता, आस्वादाची व्याख्या मात्र पाठ झालेली, असे होण्याचा धोका आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान, अभ्यासक्रम आणि अभ्यासक्रमेतर यांच्यात कठोर भिंती असू नयेत असे म्हटले आहे. त्या वाक्याची अंमलबजावणी शिक्षकाच्या नेमणुकीपासूनच सुरू होऊ शकते.

व्यवसायाच्या दृष्टीने बोलावयाचे तर थोडक्यात एवढेच. बारावीनंतर महाराष्ट्रात दृश्यकलेच्या पदवीसाठी जी सामाईक प्रवेश परीक्षा होते, तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र याच विषयांची प्रात्यक्षिके असतात. ज्याला शाळेत शिक्षक मिळाला तो विद्यार्थी तेथे पाच वर्षांच्या तयारीने बसतो. ज्याला मिळाला नाही त्याला मोठ्या शहरातील खर्चिक वर्गाचा आश्रय घ्यावा लागतो, आणि तो परवडला नाही तर वाट तेथेच खुंटते.

ही वाट कोणाकोणाची खुंटली असेल, याचा विचार अस्वस्थ करणारा आहे. अलिबागजवळच्या सासवणे गावी १८९१ साली जन्मलेल्या विनायक पांडुरंग करमरकर या मुलाने देवळाच्या भिंतीवर शिवाजीमहाराजांचे चित्र काढले होते, ते फिरतीवर आलेल्या ऑटो रॉथफेल्ड या कलेक्टरच्या दृष्टीस पडले, आणि म्हणून त्या मुलाची रवानगी मुंबईच्या कलाशाळेत झाली. १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला शिवाजीमहाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा त्या मुलाच्या हातचा. कलेक्टरची फिरती दुसऱ्या वाटेने गेली असती तर? मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात वाढलेला सय्यद हैदर रझा हा मुलगा वर्गात चंचल असे. त्याच्या शिक्षकाने भिंतीवर एक बिंदू काढून त्याच्याकडे एकाग्र होऊन पाहावयास सांगितले. रझा पुढे नागपूरच्या आणि मग मुंबईच्या कलाशाळेत शिकले, जगभर गेले, आणि उत्तरायुष्यात त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी बिंदू आला तेव्हा त्यांनी त्या शिक्षकाची आठवण वारंवार सांगितली. एकाला कलेक्टर भेटला, एकाला गुरुजी. योगायोगाने जे या दोघांना मिळाले ते व्यवस्थेने प्रत्येक मुलाला द्यावे, यासाठीच तर आपण सार्वत्रिक शाळा काढल्या. आणि पुन्हा सांगतो, ज्यांना करमरकर वा रझा व्हावयाचे नाही अशा नव्व्याण्णव मुलांसाठी हा वर्ग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आजच्या मुलाच्या खिशातील फोनवर दिवसाकाठी जितकी चित्रे येऊन जातात तितकी त्याच्या पणजोबाने आयुष्यभरात पाहिली नसतील. त्यांतली काही त्याला विकत घ्यावयास लावण्यासाठी, काही भडकवण्यासाठी, आणि अलीकडे काही यंत्राने खोटीच रचून तयार केलेली असतात. छायाप्रकाशाची दिशा, आकारांचे प्रमाण, मांडणीतील हेतू, यांकडे पाहण्याची सवय ज्याच्या डोळ्यांना लागलेली नाही, तो या पुरात निःशस्त्र उभा आहे.

म्हणून माझे म्हणणे असे, की इंटरमिजिएटचे वाढीव गुण बंद करावेत. हे मत अनेक पालकांना, आणि काही कलाशिक्षकांनाही, आवडणार नाही याची मला जाणीव आहे. या गुणांमुळेच शाळेत आमच्या विषयाला थोडी तरी किंमत आहे, असे कलाशिक्षक कळवळून सांगतात आणि त्यांच्या सांगण्यात तथ्य आहे. त्यामुळे गुण काढून घेण्यापूर्वी वर्ग परत दिला पाहिजे, हा क्रम मी महत्त्वाचा मानतो. प्रत्येक माध्यमिक शाळेत, पट कितीही असो, आणि लहान शाळा असतील तर दोन-तीन शाळांत मिळून, कला शिक्षक पदविका घेतलेला एक पूर्णवेळ शिक्षक असावा. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात रंग भिजवून होतात तोच घंटा होते, म्हणून दहावीपर्यंत आठवड्यातून एकदा सलग दोन तास मिळावेत. आणि मूल्यमापन तीन तासांच्या एका कागदावर न ठेवता, विद्यार्थ्याने वर्षभर बाळगलेल्या रेखाटनवहीवर ठेवावे, ज्या वहीत चुकलेल्या रेघाही राहू द्याव्यात. तांब्या, लिंबू आणि कापड यांना वेगळी मंजुरी लागत नाही. खर्च आहे तो शिक्षकाच्या वेतनाचा, आणि तो करावयाचा की नाही हा केवळ इच्छेचा प्रश्न आहे.

यातील एक प्रशासकीय गाठ मात्र आधी सोडवली पाहिजे. रेखाकला परीक्षा घेते ते कला संचालनालय, १९६५ साली स्थापन झालेले, उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येते. ज्या शाळांत ती मुले शिकतात त्या शालेय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत. परीक्षा घेणाऱ्याला वर्ग भरतो की नाही हे पाहण्याचा अधिकार नाही, आणि वर्गाचा मालक परीक्षेच्या दर्जाला जबाबदार नाही. या दोन विभागांनी एकत्र बसून, निदान येत्या वर्षीच्या परीक्षेच्या अर्जात दोन रकाने वाढवावेत: शाळेत कलाशिक्षक कोणत्या स्वरूपाच्या नेमणुकीवर आहे, आणि गेल्या वर्षी चित्रकलेचे तास प्रत्यक्षात किती झाले. मुख्याध्यापकांच्या सहीने ही माहिती आली की, नवा खर्च न करता, तालुकावार तक्ता तयार होईल, आणि रिक्त पदे आधी कोठे भरावयाची याची तजवीज मंत्रालयाला अंदाजावर करावी लागणार नाही.